चावी रघूकडे होती

फादर इजिदोर तुस्कानो वसईहून या किनाऱ्यावर आले तेव्हा तिशीत होते. आज बहात्तरी गाठून ते परत निघाले होते, थकलेल्या धर्मगुरूंसाठी बांधलेल्या घरात राहायला. सामान म्हणजे एक बॅग आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली. बेचाळीस वर्षांत बदलीची पत्रं चार वेळा आली. पण गावातल्या शाळेला गणिताचा दुसरा मास्तर मिळेना, म्हणून चारही वेळा पत्रं मागे फिरली. सकाळी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, मग शाळा, संध्याकाळी आजाऱ्यांची घरं. ख्रिस्ती पाड्यातली, कोळीवाड्यातली, आतल्या गावांतल्या शेतकऱ्यांची, बौद्धवाडीतली, सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी पहाटे जाग यायची ती अपूर्णांकाचं एखादं उदाहरण मनात घेऊनच.

"फादर, गाडी आली," स्वयंपाकाच्या आवडाबाई म्हणाल्या. त्यांनीच फोन करून अलिबागच्या स्टँडवरून मिनिडोअर, सहा सीटची रिक्षा, मागवली होती, थेट मांडव्याच्या धक्क्यापर्यंत. "बोट चुकवू नका. आन तिकडं जाऊन लगेच कुणाला शिकवायला बसू नका!"

"आता कोण शिकतंय माझ्याकडून?" फादर म्हणाले आणि गाडीत चढले.

गाडीवाल्याने बॅग आत ठेवली. केस कानाजवळ पिकलेले, खांदे रुंद. खाडीचा पूल मागे पडला तेव्हा त्याने आरसा जरा वळवला, आणि आरशातले डोळे फादरनी ओळखले.

"रघू?"

"व्हय. रघूच."

फादरनी पुढच्या सीटचा दांडा धरला. सत्तावीस वर्षांत रघू पाटील गावात फिरकला नव्हता. आतल्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, दहावीत पहिल्या पाचांत. सगळ्यांच्या आधी शाळेत पोचायचा म्हणून फादरनी ऑफिसची चावी त्याच्याकडे दिली होती. दार उघडायचं, घंटा द्यायची, फळ्यावर तारीख लिहायची. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात गणिताची प्रश्नपत्रिका कपाटातून गेली. शुक्रवार होता. चावी रघूकडे होती. फादरनी दुसरा विचार केला नाही. संध्याकाळच्या आत शाळा सोडल्याचा दाखला लिहिला, आणि वर्तणुकीच्या ओळीत 'असमाधानकारक' असा शब्द घातला. पोरगं काही सांगायला तोंड उघडत होतं. फादरनी हात वर केला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी कुमसार, म्हणजे पाप सांगून देवाची क्षमा मागायची. पण पोरांची अडचण अशी, की शनिवारी ज्याच्यापुढे पाप सांगायचं, सोमवारी त्याच्याच हातात खडू. म्हणून पोरांसाठी महिन्यातून एकदा बाहेरगावचा फादर यायचा. ही रीत पोरांनीच पाडली आणि फादर इजिदोरनी मुकाट्याने चालू दिली. त्या शनिवारी एसटी बंद पडली, पाहुणा आला नाही. लाकडी पेटीत फादर स्वतःच बसले. जाळीपलीकडे एक पोर येऊन गुडघ्यावर बसलं आणि पाहुणाच आहे असं समजून घडाघडा बोललं. प्रश्नपत्रिका त्याने घेतली होती. फादर जेवायला गेले असताना, ऑफिसच्या उघड्या दारातून.

फादर "बाळा" म्हणाले मात्र, पलीकडचा श्वास थांबला. आवाज ओळखला होता.

स्वतःहून कबूल हो, असं फादरनी त्याला कळवळून सांगितलं. तो झाला नाही. आणि कुमसारात ऐकलेलं धर्मगुरूला मरेपर्यंत कुठे बोलता येत नाही. बोलता तर नाहीच, त्याच्या आधाराने काही करताही येत नाही. सोमवारी घंटा दुसऱ्याने दिली.

"पोरीला यंदा दहावी," रघू मध्येच म्हणाला. "आरोही. गणितात हुशार हाय. परवा कपाटात माझा दाखला सापडला तिला. विचारते, बाबा, तुम्ही काय केलेलंत?"

"मग?"

"मग काय? काय न्हाय म्हटलं. तर कशी बघते माझ्याकडं!" त्याने गाडी सुपारीच्या वाडीच्या सावलीला घेतली आणि बंद केली. "फादर, तुम्ही आता चाललात. परत भेट व्हायची न्हाय. एकच सांगा. मी चोर न्हाय, हे तुमाला तवा तरी, मागनं तरी, कधी कळलं का?"

हो म्हटलं तर पुढचा प्रश्न कसं कळलं, आणि त्याचं उत्तर एका जाळीपाशी जाऊन थांबणार. नाही म्हटलं तर खोटं. सांगता येत नाही म्हटलं, तरी अर्धं सांगितल्यासारखंच. वर्गात त्यांनी हजारो पोरांना म्हटलं होतं, उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका, काहीतरी लिहा. आता ते बाहेर सुपारीच्या झाडांकडे बघू लागले.

"म्हंजे अजून मीच," रघू म्हणाला. आवाज चढला नाही. नुसता थकल्यासारखा झाला. त्याने किक मारावी तशी चावी फिरवली.

अलिबाग गेलं. कोर्टासमोरची गर्दी गेली, मुंबईकरांचे बंगले गेले. सत्तावीस वर्षं फादर स्वतःला सांगत आले होते, माझं तोंड बांधलेलं आहे. बांधलेलंच होतं. पण ते बंधन दुसऱ्याच्या पापासाठी होतं. शुक्रवारी जे झालं, ते तर शनिवारच्या आधीचं. तिथे त्यांना कुणी बांधलं नव्हतं. त्या पोराच्या गुपिताआड स्वतःची चूक ठेवून ते निवांत बसले होते, आणि इतकी वर्षं त्यालाच धर्म म्हणत होते.

मांडव्याला बोट लागलेली होती. फादर खाली उतरले, पण बोटीकडे गेले नाहीत. शेडमधल्या बाकावर बसून त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापकांच्या नावाने लिहायला घेतलं. बोटीने दोनदा भोंगा दिला.

"बोट सुटंल, फादर!"

"सुटू दे."

कागद रघूच्या हातात आला. त्याने ओठ हलवत वाचला. 'मी चौकशी न करता, विद्यार्थ्याला एकदाही बोलू न देता, केवळ चावी त्याच्याकडे होती म्हणून हा शेरा लिहिला. माझ्याकडे पुरावा नव्हता. शेरा लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. दोष माझा आहे. तो शेरा रद्द व्हावा.'

"मी चोर न्हाय, असं कुठं लिवलंय?"

"नाही लिहिलं."

"का?"

"जेवढं माझं आहे, तेवढंच लिहिलंय. हे तेव्हाच लिहायला हवं होतं, रघू."

रघूने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाला, "तारीख न्हाय टाकली."

फादरनी तारीख टाकली. रघूने घडी घालून कागद शर्टाच्या खिशात ठेवला, वरून बटण लावलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि फादरनीही विचारलं नाही. गाडीशी जाऊन तो ओरडू लागला, "अलिबाग, अलिबाग!" सहा माणसं भरली, तसा निघून गेला.

दुसऱ्या बोटीला तासभर होता. फादर बॅगेला टेकून बाकावर बसले आणि गुडघा चोळू लागले.