शंभराच्या वरचं यील्ड

बोर्डावर शेठनी स्वतःच्या हाताने १०४ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला.

"मॅडम, रेकॉर्ड हो गया! तोंड गोड करा."

मी पेढा घेतला नाही. "शेठ, हे होऊच शकत नाही."

"कैसे नहीं हो सकता? तुमच्याच लॅबचा आकडा आहे न?"

माझ्याच लॅबचा होता, हीच तर पंचाईत होती.

आमचा प्लांट लहानसा. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवे सोडून थोडा आत. आपल्या भागातल्या राईस मिलवाल्यांकडे धानाच्या तुसाची राख ढिगाने पडलेली असते. त्या राखेत मुख्यतः सिलिका असते, म्हणजे काच ज्याची बनते तो पदार्थ. ही राख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, वाफेच्या दाबाखाली शिजवायची. सिलिका विरघळते आणि सोडियम सिलिकेट मिळतं. साबणवाले घेतात, पुठ्ठेवाले घेतात. शिजवायच्या भांड्याला आम्ही डायजेस्टर म्हणतो. आमचा डायजेस्टर सेकंडहँड होता. बाहेरून लोखंड, आतून विटांचं अस्तर. मी नोकरीला लागायच्या आधीच शेठनी तो कुठल्याशा बंद ॲसिड फॅक्टरीतून उचलून आणला होता.

आता यील्ड म्हणजे काय? राखेतून शंभर किलो सिलिका आत गेली आणि पंच्याण्णव किलो सिलिकेटच्या रूपात हाती आली, तर यील्ड पंच्याण्णव टक्के. उरलेली पाच गाळात जाते, नळ्यांना चिकटते. नव्वदला मी समाधानी असते, पंच्याण्णवला खूश. शंभर कधी येत नाही. शंभराच्या वर तर प्रश्नच नाही. क्विंटलभर धान गिरणीत टाकून सव्वा क्विंटल तांदूळ निघाला असं कोणी सांगितलं, तर आपण त्याला काय म्हणू? एक तर चोर, नाही तर वेडा.

आणि हे शंभराच्या वरचं यील्ड फक्त एकाच ऑपरेटरच्या हाताने येत होतं. यादोराव. सौंदडचा, घरी धानाची शेती, पन्नाशीचा, कामाला एकदम चोख. दुसऱ्या ऑपरेटरची बॅच पंच्याण्णव-शहाण्णव. यादोरावची एकशे दोन, एकशे चार. शेठनी जाहीरच करून टाकलं, "इसके हाथ में बरकत है." आणि सगळ्या बॅचेस त्याच्याकडे दिल्या. यादोरावची छाती फुगली. गावातही बोलबाला झाला म्हणे.

मी मात्र चुका शोधत बसले. काटा तपासला, बरोबर. राखेतला ओलावा पाहिला, बरोबर. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने ॲसिड टाकून माल मोजायची पद्धत, ती स्वतः केली. नवीन ॲसिड बनवून परत केली. आकडा हलेना. मग गाळ तपासला, आणि तिथे माझं डोकंच चालेनासं झालं. गाळात न विरघळलेली सिलिका होतीच. म्हणजे आत टाकलेली सगळी विरघळली नव्हती, तरी बाहेर टाकल्यापेक्षा जास्त येत होती. पुढची बॅच एकशे सात आली. भरदुपार होती, बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते, आणि लॅबमध्ये माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, मला त्या भांड्याची भीती वाटायला लागली. त्याच्याजवळून जाताना मी अंग चोरून जाऊ लागले.

एका सकाळी चार्जिंगच्या, म्हणजे भांडं भरायच्या वेळी मी वर प्लॅटफॉर्मवर गेले. यादोरावने राख, कॉस्टिक, पाणी ठरल्या मापाने सोडलं होतं. झाकण लावायच्या आधी तो लोखंडी पट्टी बुडवून पातळी पाहत होता. पट्टीवर लाल खूण होती. द्रव खुणेच्या वीतभर खाली.

"यादोराव, माप कमी टाकलं का?"

"नाही जी. बराबर टाकलं."

"मग खाली कशी पातळी?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम बारीक केला. "दिवाळीपासून उतरून राहिली जी. रोज जराजरा."

"दिवाळीपासून! आणि मला सांगितलं काऊन नाही?"

"राशीजवळ बोलत नाही न, मॅडमजी." त्याला माझंच नवल वाटलं. "खळ्यावर धान मोजताना आम्ही पहिल्या मापाले एक नाही म्हणत, लाभ म्हणतो. मंग गुपचूप मोजतो. रास वाढून राहिली तं कोणी तोंडातून शब्द काढत नाही. बोललं का नजर लागते." मग त्याने डायजेस्टरकडे पाहून हात जोडले. "हे भांडं आतून मोठं होऊन राहिलं जी. जितकं मोठं होते, तितकं जास्त देते."

तो आनंदाने सांगत होता. मी मात्र मनात हिशेब जुळवत होते. माप तेच, पातळी खाली आणि माल वरचढ. तिथेच पडलेल्या पान्याने मी डायजेस्टरच्या बाजूवर, आवरण नव्हतं तिथे उघड्या लोखंडावर ठोकलं. वरच्या अंगाला ठोकलं की धप्प, भरीव आवाज. यादोराव जिथे उभा राहून वाफेचा व्हॉल्व्ह चालवायचा, त्या बाजूला ठोकलं तर टण्ण. पोकळ. दोनदा ठोकलं, तिसऱ्यांदा ठोकायची हिंमत झाली नाही.

"बॅच थांबव. वाफ सोडू नको. आणि खाली उतर."

"कायले जी?"

"उतर म्हणते न!"

लॅबमध्ये येऊन मी दोन परीक्षानळ्या घेतल्या. भांड्याच्या आतल्या ॲसिडप्रूफ विटांमध्ये सिलिकाच्या जोडीला ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, भरपूर असतो. तुसाच्या राखेत तो नसल्यात जमा. एका नळीत राखेचा अर्क, दुसरीत आमचं सिलिकेट, दोन्हींतली सिलिका आधी काढून टाकलेली. दोन्हींत अमोनिया टाकला; ॲल्युमिना असेल तर तो पांढरा होऊन बाहेर येतो. राखेची नळी जवळपास नितळ राहिली. सिलिकेटच्या नळीत हळूहळू पांढरं, भाताच्या पेजेसारखं काहीतरी जमू लागलं. ते खाली बसेपर्यंत मी नुसती बघत राहिले. भांडं स्वतःलाच आमच्या मालात घालत होतं.

शेठकडे गेले. "प्लांट बंद करा."

"मॅडम, लोकं यील्ड कमी आलं म्हणून रडतात. तुम्ही जास्त आलं म्हणून रडून राहिल्या! बाहर गाड़ी खड़ी है, एक बॅच निकाल लेते हैं, फिर देखेंगे."

"जास्तीचा माल विटांचा आहे शेठ. ही वीट ॲसिडला भीक घालत नाही, पण उकळत्या कॉस्टिकमध्ये विरघळते. आत वीट संपली की गरम कॉस्टिक सरळ लोखंडाला लागतं. या जुन्या भांड्याचं लोखंड वेल्डपाशी चिरतं. आणि दाबाखालचं उकळतं कॉस्टिक अंगावर आलं, तर यादोरावचे डोळे पहिले जातील. वाचला तर."

"तुम्हाला दिसलं का आत?"

"नाही."

"तो फिर?"

"मग चला, दाखवते. नुसतं थंड पाणी भरू."

डायजेस्टर रिकामा केला, धुतला. गळ्यापर्यंत पाच हजार लिटर मावायचं त्यात, हे शेठनाही पाठ होतं. पाण्याचा मीटर लावला आणि आम्ही तिघं प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो. पंप सोडून सगळं बंद होतं. आत काळोखात पाणी पडल्याचा आवाज येत होता. मीटर पाच हजारावर गेला. पाणी गळ्याला आलं नाही. शेठ म्हणाले, "मीटर खराब असेल." साडेपाच हजार. अजून नाही. यादोराव तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटत होता. सहा हजाराला मीटर टेकला, तेव्हा कुठे काळं पाणी गळ्याशी दिसलं. हजार लिटरची वीट कुठे गेली होती? साबणात, पुठ्ठ्यात, लोकांच्या घरात.

तेवढ्यात यादोराव म्हणाला, "मॅडमजी, इकडं ओलं होऊन राहिलं."

व्हॉल्व्हच्या बाजूचं उष्णतारोधक आवरण काळवंडत होतं. पत्रा काढला, आतली काचेची लोकर ओढली. वेल्डजवळ केसाएवढी चीर होती, इतके दिवस सुकलेल्या सिलिकेटने बुजलेली, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी येत होतं. यादोराव रोजच्या जागी उभा राहिला, तर बरोबर त्याच्या तोंडासमोर.

शेठनी चिरेला बोट लावून पाहिलं. "गाड़ी वापस भेज दो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भांडं उघडलं, हवा खेळवली, टॉर्च मारला. तीन बाजूंच्या विटा अर्ध्यामुर्ध्या शिल्लक होत्या, कोपरे चाटून गुळगुळीत केल्यासारखे. व्हॉल्व्हच्या बाजूला वीट नव्हतीच. यादोराव बराच वेळ डोकावून बघत राहिला.

"माह्याच बाजूचं काऊन खाल्लं जी?"

मी कारण सांगितलं. वाफ त्या बाजूने आत शिरते, म्हणून ती बाजू सगळ्यात गरम. व्हॉल्व्ह तिथेच, म्हणून माणूसही तिथेच उभा राहणार. आणि बॅच कच्ची राहू नये म्हणून हा दुसऱ्यांपेक्षा जास्त वेळ वाफ चालू ठेवायचा. जितकं जास्त शिजवलं, तितकी वीट गेली.

"म्हणजे मी मन लावून केलं म्हणून?"

हो म्हणावंच लागलं. त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवलं नाही. तो हातातला टॉर्च बंद करून खाली उतरला आणि नळावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसला.

नवीन डायजेस्टर कॉस्टिकसाठीच बनवलेला, साध्या जाड पोलादाचा आणला, वेल्डवरचा ताण भट्टीत तापवून काढलेला, आत वीटबीट काही नाही. यादोराव अजून आमच्याकडेच आहे. त्याची बॅच आता त्र्याण्णव-चौऱ्याण्णव येते आणि पातळी बोटभर इकडेतिकडे झाली तरी तो ओरडून मला बोलावतो. वीट का गेली याचं कारण मी त्याला सांगितलं, शेठना सांगितलं, मला स्वतःला पाठ आहे. तरी त्या जुन्या भांड्याच्या जागेवरून जायची वेळ आली की मी वळसा घालून जाते.

लॅबमध्ये नवीन पोरं-पोरी येतात, त्यांना मी एकच गोष्ट शिकवते. यील्ड कमी आलं तर माल कुठे गेला ते शोधा. शंभराच्या वर आलं तर आधी माणसं बाजूला करा, मग शोधा.