कापसातलं बेट

पऱ्हाटीचा धूर मला आजही सहन होत नाही. वेचणी संपलेल्या कपाशीच्या त्या वाळक्या काड्या पेटल्या, की जिभेवर बसणारा करपट वास शिवारभर पसरतो आणि फाल्गुनातला मोहाचा गोड दरवळ त्याखाली गुदमरून जातो. त्या वासासरशी पांढरकवड्याजवळची एक टेकडी आठवते आणि तिच्या पायथ्याचे गाव. त्या गावाचा मला राग होता, आणि तो पुरता विझला आहे असे मी म्हणणार नाही.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. कापसाचे भाव पडत गेले त्या वर्षांत लोकांनी धुरे, म्हणजे शेतांचे बांध, नांगरले, बोरी-बाभळी तोडल्या, नाल्याकाठची झुडपे उपटली. चार बोंडे अधिक निघावीत, एवढ्यासाठी. कापूस टेकडीला चहूबाजूंनी भिडला आणि वरच्या रानाचे बेट झाले. तिथे बिज्जू, माती उकरणारी बिळातली जनावरे, राहत. पाठीवर चांदी, पोटाखाली काळेकुट्ट, कोणालाही न भिणारे. त्यांच्या बिळांपाशी काटेरी तार बांधून मी अडकलेले केस तपासायला पाठवी. सगळे एकाच आईच्या लेकरांसारखे निघाले. आफ्रिकेपासून इथवर पसरलेली ही जात, आणि आडोसा उरला नव्हता म्हणून दोन शेते ओलांडून पलीकडच्या टेकडीवरचा नर काही येऊ शकत नव्हता.

त्या गावात तान्हे बाळ गेले तर जाळत नाहीत; टेकडीखाली पुरतात आणि जनावराने उकरू नये म्हणून वर बोरीचे काटे दाबतात. त्या वर्षी बोरीच उरल्या नव्हत्या. सुनंदा नावाच्या ओल्या बाळंतिणीचे बाळ गेले, तेव्हा त्याच्यावर नुसत्या पऱ्हाट्या टाकल्या गेल्या. सकाळी माती उकरलेली दिसली, भोवती बिज्जूच्या नखांचे ओरखडे.

गाव पऱ्हाट्यांचे भारे घेऊन बिळाशी आले, बिज्जूच्या मादीला धुराने आत कोंडायला. आत तिचे पिल्लू होते. मी बिळाच्या तोंडाशी उभी राहिले. शिव्या मिळाल्या, एकाने माझी तार उपटून फेकली. मीही कमी केले नाही. काटे तुम्हीच तोडलेत, आता जनावराच्या नावाने कशाला बोंबलता, असे ऐकवले. मग वर्गात सांगावे तशी सांगत सुटले, की जिथे बाहेरचे रक्त येत नाही तिथली पिल्ले मुळातच टिकत नाहीत, हे एक तरी जगू द्या.

मागे पदर छातीशी धरून उभी असलेली सुनंदा पुढे आली.

"बाहेरचं कोन येते मॅडम इथं? कर्जातल्या या गावात कोनी पोरगी देत नाही आता. म्हून मले गावातल्या गावात, माह्या मामाच्याच पोराले देलं. माहं नाही जगलं. मंग तिचं काहून जगावं?"

तिचा सासरा, म्हणजे तिचा मामाच, दुसरीकडे पाहू लागला. मी बाजूला झाले आणि काडी तिनेच ओढली.

धूर आत जात राहिला. बाहेर कोणी आले नाही. राग माझ्यापाशी अजून आहे, फक्त तो कोणावर धरावा हे तेव्हापासून कळत नाही. टेकडी उतरताना समोर रिकामी कपाशी उभी होती, आणि तिच्यापलीकडची टेकडी इतकी जवळ दिसत होती, की इथून हाक मारली असती तर तिथे ऐकू गेली असती.