वीणा दुसऱ्याच्या गळ्यात

आमच्या पारगावच्या हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. माझी तळमळ अशी, की इतरांचे पहारेही मीच उभा राहून काढायचो. लोक कौतुक करत, मला ते गोड लागे. बायको मात्र म्हणायची, "तुम्ही बसलात तर देवाचं कसं व्हायचं बाई!" मला वाटायचं, हिला भक्तीतलं काय कळतंय. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्या वर्षी चौथ्या दिवशी भर दुपारी मांडव रिकामा होता. माझ्यानंतरचा पहारेकरी आलाच नव्हता. खिशातला फोन थरथरू लागला. वीणा गळ्यात असताना फोन घ्यायचा नाही, हा माझाच नेम. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. मी डोळे मिटून आणखी मोठ्यानं नाम घेतलं. मांडवाच्या कडेला तळेघराकडून ऊसतोडीला आलेला एक माणूस बसला होता. सकाळी त्यानं पहारा मागितला, तेव्हा त्याचे मळके कपडे पाहून मीच त्याला नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा फोन आला तसा तो जवळ येऊन म्हणाला, "भाऊ, कवाधरनं वाजतोय. घरचा आसंल, घ्या की."

फोन बायकोचा होता. शब्द नव्हता, नुसती धाप ऐकू येत होती. वीणा खाली ठेवता येईना आणि जीव तर घराकडे धावत होता. त्या माणसानं काही न विचारता मान पुढे केली. वीणा त्याच्या गळ्यात घालून मी पळत सुटलो. पाया पडायचंही राहून गेलं.

ती ओट्यापाशी छाती धरून पडली होती. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला मंचरला नेलं. "वेळेत आणलंत, आता काळजी नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. दोनदा मी तिचा फोन वाजू दिला होता.

मुलगी आल्यावर तिला आईपाशी बसवून मी दिवेलागणीला मांडवात गेलो. हरिपाठाला माणसं जमत होती. तो माणूस तसाच उभा होता. मधल्या वेळात कुणीच आलं नव्हतं. येतील कसे? मी असतोच, ही सवय मीच लावली होती. त्यानं आधी विचारलं, "मालकीण कशी हाय?" बरी आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. मी वीणेला हात घातला, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तुमी तिच्यापाशी जावा. मी लई दमलो न्हाई."

माझी तळमळ खोटी नव्हती, पण तिच्यात मीच फार होतो. देवाचं काम माझ्यावाचून अडलं नाही, हे पाहून वाईट वाटायच्या ऐवजी मला मोकळं वाटलं. कित्येक वर्षांचं ओझं पांडुरंगानं त्या माणसाच्या हातून अलगद उतरवून घेतलं, असं मी मानतो. सगळ्यांदेखत वाकून मी दुपारचा राहिलेला नमस्कार त्याच्या धुळीनं भरलेल्या पायांवर केला.

दवाखान्यात परतलो तेव्हा ती जागी होती. "वीणा कुणाकडे?" तिनं क्षीण आवाजात विचारलं.

"आहे एकाकडे," मी म्हणालो आणि तिचा हात हातात घेऊन बसलो.