बुडबुडे चालू हायेत का?

आमच्या कक्षात दोन गोष्टींचा ढीग पडतो. बाळांच्या टोप्या आणि किस्से. टोप्या धुऊन वाळत घालता येतात. किश्शांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून कुणी चहाला बसलं की मी सांगत सुटते.

मी नांदेडच्या एका दवाखान्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. आमच्याकडे येतात ती वेळेआधी जन्मलेली बाळं. त्यांची फुप्फुसं कच्ची असतात. श्वास सोडला की मिटतात आणि पुन्हा उघडताना बाळाची सगळी ताकद जाते. म्हणून जन्मल्याबरोबर नाकात दोन बारीक नळ्या बसवून हवेचा हलका दाब देत राहायचा. त्याला सीपॅप म्हणतात. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं असतं, तिथं बुडबुडे येत राहतात. बुडबुडे दिसले की आमचा जीव थाऱ्यावर असतो. आत आमचे सर, सुमन सिस्टर आणि मी. काचेबाहेर कुणाचे ना कुणाचे नातेवाईक.

*

जळकोटकडची एक आजी होती. नात जन्मली ती दोन महिने आधी. प्रत्येक श्वासाला पोरगी 'अं... अं...' असा आवाज काढत होती. आजी खूश. शेजारच्या बाईला सांगत होती, "बघा, आताच बोलून राहिली. लई बोलकी होणार."

मी मात्र तो आवाज ओळखत होते. मिटणारं फुप्फुस उघडं ठेवायला बाळ जिवाच्या आकांतानं जोर लावतं, तेव्हा तसा आवाज येतो. थोड्या वेळानं ताकद संपते आणि आवाजही संपतो. मी पळत जाऊन सीपॅप लावला. हळूहळू छाती आत ओढली जायची थांबली, कण्हणं बंद झालं, पोरगी शांत झोपली.

आजी माझ्यावर जी चिडली! "चांगली बोलत होती माझी नात. तुम्ही गप केलं तिला." मी समजावलं, सिस्टरनी समजावलं. आजीनं आमच्याशी बोलणं टाकलं.

पुढे तपासणीला आली तेव्हा नात चांगली गुटगुटीत झाली होती. वजनकाट्यावर ठेवल्यापासून तिनं जो गळा काढला तो ओपीडीतली सगळी पोरं तिला साथ देईपर्यंत. आजीनं बराच वेळ सोसलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, ती नळी हाय का अजून?"

*

उदगीरच्या अप्पांचा किस्सा वेगळा. जत्रेतली खेळणी, फुगे, पिपाण्या विकायचं त्यांचं दुकान. नातू वेळेआधी जन्मला आणि त्याला धाप लागली. मी मशीन लावते म्हटल्यावर अप्पा दारातच आडवे आले. त्यांच्या थोरल्या भावाला एकदा मशीनवर ठेवलं होतं, तो परत घरी आला नव्हता. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि एकच वाक्य धरून बसले, "मशीन नको."

आत बाळाच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. अप्पांचा मुलगा बापाच्या शब्दाबाहेर जाईना. मी आवाज चढवणार तेवढ्यात सर बाहेर आले. त्यांनी दुसरी मोकळी नळी आणली, हवा सोडली आणि अप्पांच्या तळहातावर धरली.

अप्पांनी विचारलं, "एवढंच?"

सर म्हणाले, "एवढंच. फुगा पूर्ण मिटू द्यायचा नाही."

अप्पा त्या हातावरच्या हवेकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "पहिली फुंकच जड असती रे. मिटलेला फुगा फुगवताना गाल दुखतेत. लावू दे त्यांना."

नातू बरा होईपर्यंत अप्पा बाहेरच्या बाकावर असायचे. कुणी नवीन माणूस मशीन नको म्हणत रडायला लागला की ते त्याला जवळ बसवून घ्यायचे. "मशीन न्हाई ते. फुंकर हाय." तेव्हापासून ड्यूटी बदलताना सुमन सिस्टरही तसंच सांगतात, खिडकीजवळच्या बाळाची फुंकर चालू आहे म्हणून.

*

हे सगळे हसत सांगायचे किस्से. एक तसा नाही.

देगलूरच्या पुढच्या एका गावातला तरुण बाप मुलगी घेऊन आला. ती सकाळी गावाजवळच जन्मली होती. आता बरी होईल, मग बरी होईल, असं करत सगळ्यांनी वाट बघितली आणि दुपार झाली. आमच्याकडे पोचली तेव्हा ती कण्हतही नव्हती. आम्ही सीपॅपच्या पुढचंही सगळं केलं. छातीत औषध सोडलं, व्हेंटिलेटर लावला. ऊन उतरायच्या आत ती गेली.

सरांनी त्याला शेजारी बसवून सांगितलं. त्यानं कुणाला दोष दिला नाही. एकच विचारलं, "शेवटी दम लागत होता का तिला?"

सर म्हणाले, "नाही. तेवढं आम्ही होऊ दिलं नाही."

"मग बरं," म्हणाला, आणि मुलीला उपरण्यात घेऊन गेला.

त्यानंतर सर आजूबाजूच्या तालुक्यांना जात राहिले. जिथं बाळंतपणं होतात तिथं जाऊन एकच सांगायचे. कण्हायला लागलं की वाट बघू नका, तिथंच दाब सुरू करा, मग गाडीत घाला. काही ठिकाणी लोक ऐकायचे, काही ठिकाणी चहा पाजून परत पाठवायचे.

*

सरांचं ऐकणाऱ्यांत अहमदपूरची अश्विनी होती. आमच्याकडेच शिकलेली, नवीन डॉक्टर. एकदा दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, जुळी आहेत. दोघंही कण्हतायत. सीपॅप एकच आहे."

मी म्हटलं, एकाला मशीन लाव, दुसऱ्याला हातानं मास्क धर आणि निघ. सांगायला सोपं होतं. मास्क केसभर सैल झाला तरी दाब जातो, आणि अहमदपूरवरून इकडे यायचं म्हणजे ॲम्ब्युलन्स काही पाळणा नसते. आम्ही बाळांना ऊब देणारे दोन्ही वॉर्मर तापवून दारात उभे. सुमन सिस्टर सारख्या रस्त्याकडे बघत होत्या आणि मला सांगत होत्या की सारखं रस्त्याकडे बघू नका.

गाडी आली. दोन्ही बाळं गुलाबी होती. आमच्यातल्या दोघांनी दोन बाळं उचलून आत पळवली. अश्विनी तिथंच गाडीत बसून राहिली. तिच्या हाताची बोटं मास्क धरल्यासारखी वाकडी झाली होती, उघडेनात. सिस्टरनी कोमट पाण्यात धरून एकेक बोट सरळ केलं.

जुळ्यांची आई हिंडूफिरू लागल्यावर तिनं भेटायला आलेल्या अश्विनीला विचारलं, हातानं मास्क धरलेला कोणता? अश्विनी गडबडली. गाडीत तिची नजर फक्त छातीवर होती. पायावरची ओळखपट्टी तिनं बघितलीच नव्हती. खरं ते सांगून टाकलं.

ती बाई म्हणाली, "बरं झालं ओ. कळलं असतं तर एकाला जन्मभर सांगत राहिले असते. मग दुसऱ्याला काय सांगू?"

*

कंधारचे एक आजोबा दिवसभर काचेला नाक लावून उभे असायचे. मी बाहेर आले की एकच प्रश्न. "बुडबुडे चालू हायेत का?" मी सांगून ठेवलं होतं ना, बुडबुडे म्हणजे श्वास.

एके दिवशी बाळ चांगलं श्वास घेतंय बघून सरांनी सीपॅप काढला. सिस्टरनी बाटली उचलून नेली. बाहेर कुणी सांगितलं नाही. आजोबांनी काचेतून बघितलं, तर बुडबुडे नाहीत, बाटली नाही. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. जिन्यात जाऊन गावाकडे फोन लावला.

दुपारी बाहेर रडारड ऐकून मी धावले. कंधारहून जीप भरून माणसं आली होती. कुणाचं बाळ गेलं ते आम्हालाच कळेना. सुमन सिस्टरनी एकेकाला विचारत विचारत नाव काढलं, आणि आत जाऊन ते बाळ उचलून काचेशी आणलं. ते जांभई देत होतं.

आजोबा भिंतीला टेकून खाली बसले. जीपमधली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आता इतके जण आलोच हावत तर बारसं उरकून जावं का?"

आमचे सर नियमाचे पक्के. पण त्या दिवशी काचेच्या आत सुमन सिस्टरनी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि काचेबाहेर बायकांनी पाळणा म्हटला.

*

आणि मंगल.

मंगलला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. तिच्या बाळाचा सीपॅप निघाला होता, पण ते मधूनच श्वास घ्यायला विसरायचं. अशा बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. श्वास थांबला तर मॉनिटर वाजतो आणि आईनं पाठ चोळून बाळाला आठवण करून द्यायची. मंगलला मॉनिटर ऐकू येणार कसा? आमची झोप उडाली. सरांनी तिच्या सासूला शेजारी बसवलं. मॉनिटर वाजला की सुनेला हलवायचं, एवढंच काम.

पहिल्याच सकाळी सासू पाणी भरायला गेली आणि मॉनिटर वाजला. सिस्टर कशा पळाल्या ते मी बघितलंय. पोचल्या तेव्हा मंगल पाठ चोळत होती आणि बाळ श्वास घेत होतं. योगायोग असेल म्हटलं. दुपारी पुन्हा तसंच. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ती मॉनिटरच्या आधी सुरू करते."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्याशेजारी जाऊन बसले. सासूनं खुणा करून विचारलं, डॉक्टरीण बाई विचारतायत, तुला कळतं कसं? मंगल माझ्याकडे बघून हसली. माझा हात धरून तिनं बाळाच्या पाठीवर ठेवला, वरून स्वतःचा ठेवला आणि डोळे मिटले.

पाठ माझ्या तळहाताखाली वरखाली होत होती. मॉनिटरच्या स्क्रीनवरचा प्राणवायूचा आकडा चांगला होता. आम्ही तशाच बसून राहिलो.

मग तिची बोटं माझ्या बोटांमधून फिरायला लागली, हळू, गोल. मी स्क्रीनकडे बघितलं. आकडा तसाच. पाठ तशीच हलत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिचे डोळे मिटलेलेच होते.

आणि माझ्या तळहाताखालची पाठ थांबली. बोटं फिरत राहिली. पाठ परत हलली.

मॉनिटर वाजलाच नाही.