मक्याच्या सालीची फुलं

बँकॉकपासून लांब, सीसाकेटकडच्या त्या गावात गेल्या वीस वर्षांत जितकी माणसं वारली, त्या सगळ्यांना शेवटची फुलं लामदुआनच्या हातची मिळाली. मक्याच्या साली भिजवायच्या, कातरायच्या, दोऱ्यानं आवळायच्या. अग्नी देण्याआधी प्रत्येकानं त्यातलं एकेक फूल मृताजवळ ठेवायचं. त्याच्याही आधी विहारातल्या माइकवरून मृताची जीवनकथा वाचायची, आणि तीही लामदुआनच लिहायची. दारुड्याला ती 'मित्रांत रमणारा' लिही, कजाग बाईला 'स्पष्टवक्ती'. गावानं तिच्याकडून असलं गोडगोड खोटं ढिगानं लिहून घेतलं, आणि तिची पाठ वळली की तिला 'तो' म्हटलं.

सरकारी कार्डावर ती श्रीयुत सोमकित होती. तिला 'पोरी' म्हणून हाक मारणारी एकटी आई. ती आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं न्हाणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं लामदुआननं एकटीनं केलं, वर आईच्या शिव्याही खाल्ल्या. थोरला भाऊ उदोम बँकॉकजवळच्या शाळेत उपमुख्याध्यापक. तो नववर्षाला यायचा, आईबरोबर फोटो काढायचा आणि निघायचा.

आई गेली तेव्हा मात्र तो पुढे सरसावला. "आईची जीवनकथा मी लिहिणार. माझे साहेब येतायत, तमाशा नकोय."

अंत्यविधीच्या सकाळी विहाराच्या स्वयंपाकघरात बायका पपई किसत होत्या आणि पुरुष टीव्हीपुढे बसले होते. कार्डावरचं 'श्रीयुत' बदलू द्यावं की नाही यावर संसदेत जुंपली होती.

"उद्या आमची म्हैस म्हणेल, मला हत्ती लिहा!" माइक सांभाळणारे प्रयून काका म्हणाले. हशा पिकला.

लामदुआन कोपऱ्यात फुलं परातीत रचत होती. तिचं डोकं सणकलं.

"काका, काकू गेल्या तेव्हा 'प्रेमळ पतीच्या सहवासात सुखानं संसार केला' असं मी लिहिलं होतं. त्यांच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. तेव्हा नाही विचारलंत, खरं काय ते लिही म्हणून?"

काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. किसणाऱ्या बायकांपैकी कुणी मान वर केली नाही.

"लामदुआन, आजचा दिवस तरी गप्प बस," उदोम दारातून म्हणाला.

"माझं काय लिहिलंयस?"

"ऐकशीलच."

तिनं मनाची तयारी केली. 'धाकटे चिरंजीव सोमकित' म्हणतील, म्हणू देत. आईसाठी एवढं गिळू.

दुपारी मंडपात काका वाचू लागले. आईचा जन्म, भातशेती, विहाराला दिलेला पंखा. मग आलं, "त्यांच्या पश्चात एकुलते एक चिरंजीव, उपमुख्याध्यापक उदोम."

एकुलते एक! चुकीचं नाव तिनं गिळलं असतं. इथं तिला जन्मालाच घातलं नव्हतं. आणि सगळा मंडप, ज्यातल्या प्रत्येकाच्या घरात तिनं एकेक मढं सजवलेलं, पुढ्यातल्या पाण्याच्या बाटल्यांशी चाळा करत बसला.

लोक फुलांसाठी उठले. लामदुआननं परात उचलली, चितेच्या ओट्याच्या पायरीवर बसली आणि ती मांडीवर घेतली.

"फुलं मिळणार नाहीत."

"अगं, भन्ते खोळंबलेत!" काका कुजबुजले.

"एकुलत्या एका चिरंजीवांकडून घ्या. त्यांनी केली असतील."

उदोम दात-ओठ खात खाली वाकला. "आईची विटंबना करतेयस. लाज वाटत नाही?"

"नऊ वर्षं तिची घाण काढली, तेव्हा नाही वाटली. आता कशाला वाटेल? काका, कागद परत वाचा."

उदोमचे साहेब घड्याळ बघू लागले. प्रयून काकांनी कागद उलटासुलटा केला, उदोमकडे पाहिलं, मग तो घडी करून खिशात टाकला. माइक खरखरला.

"त्यांच्या पश्चात मुलगा उदोम," काका म्हणाले, "आणि मुलगी लामदुआन. आजारपणात हिनंच सगळं केलं."

लामदुआन उठली. रांग लागली. तिनं एकेकाच्या हातात फूल ठेवलं. राग उतरला नव्हता, तो उतरवायची तिला गरजही वाटली नाही.

सगळ्यांत शेवटी उदोम आला, मान खाली घालून. परातीत दोनच फुलं उरली होती.

"घे," ती म्हणाली. "फुलं करताना मी तुला वगळलं नव्हतं."