रियाधचा तो नकाशा

मुलांनो, मानाग्वाहून तुम्ही पाठवलेला फोटो मी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिला. तिथे घरांना नंबर नाहीत, लोक ‘पूर्वी जिथे झाड होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याच्या बाजूला’ असे पत्ते सांगतात, म्हणून तुम्ही दोघांनी शहराचा नकाशाच काढायला घेतला आहे. खाली लिहिलंत, ‘आजीसारखा’. मी एकदा असा नकाशा काढला होता एवढंच तुमच्या बाबाला माहीत आहे. पुढचं मी त्याला कधी सांगितलं नाही. तुमचे आजोबा असेपर्यंत लिहायचा धीरही झाला नाही. आता ते नाहीत, आणि मलाही फार उशीर करून चालणार नाही.

पुण्यातल्या इंग्रजी शाळेत मी भूगोल शिकवत होते. आजोबांना रियाधच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली आणि मी शाळा सोडून त्यांच्या मागे गेले. त्या राजधानीतही तेव्हा कुणाला पत्ता नसे. टपाल दवाखान्याच्या पेटीत यायचं. जेवायला बोलावणारा माणूस सांगायचा, “पाण्याच्या टाकीवरून डावीकडे, दोन मिनारांची मशीद, मग रोटीची भट्टी. तिथे कुणालाही विचारा.” मला हे फार अव्यवस्थित वाटायचं. शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असत. आजोबा गाडी चालवायचे आणि मी वहीत खुणा टिपायची.

शेजारी रत्नागिरीकडचं कुटुंब होतं. भाईंचं बथा नावाच्या जुन्या वस्तीतल्या बाजारात कापडाचं दुकान. भाभी नेहमी गाडीत मागे बसायच्या, तोंडावर पडदा; पण अख्खं शहर त्यांना पाठ होतं.

“ताई, भट्टी जवळ आली की वास येतो,” त्या म्हणायच्या. “तुमच्या वहीला वास येतो का?”

“उद्या भट्टी बंद पडली तर?”

“तर लोक सांगतील, बंद पडलेल्या भट्टीवरून उजवीकडे!” आणि पोट धरून हसायच्या.

मग शेजारच्या कुवेतवर हल्ला होऊन युद्ध पेटलं, आणि जानेवारीत क्षेपणास्त्रं रियाधवर पडू लागली. खिडक्यांच्या काचांना फुलीसारख्या चिकटपट्ट्या, दारांच्या फटींत ओले टॉवेल. तुमचा बाबा आठ वर्षांचा होता. प्रत्येक भोंग्याला एकच विचारायचा, “मम्मी, इज इट गॅस?” मला आणि त्याला भारतात पाठवायचं ठरलं. पण आमचे पासपोर्ट, तिथल्या रिवाजाप्रमाणे, कफिलाकडे, म्हणजे दवाखान्याच्या मालकाकडे होते. दवाखान्याचं ऑफिस बंद. मालकाने फोनवर सांगितलं, घरी येऊन घेऊन जा. घर शहराच्या उत्तरेला, नव्या वस्तीत.

“विचारत विचारत जाईन,” आजोबा म्हणाले.

“अशा दिवसांत कुणाला विचारत बसणार? हे घ्या.” मी वहीतून पक्का उतरवलेला कागद फाडून दिला. प्रमाण होतं, उत्तरेचा बाण होता, सूची होती. लांबून दिसतात म्हणून पाण्याच्या टाक्यांना लाल वर्तुळं केली होती आणि सरकारी इमारतींना निळे त्रिकोण. युद्ध चाललेल्या राजधानीत परदेशी माणसाच्या खिशात असा कागद सापडला तर पोलीस त्याला काय समजतील, हे मला सुचलं नाही. भूगोलाच्या मास्तरणीला नकाशा म्हणजे नकाशा.

दुपारी गेलेले आजोबा परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाई तीन पोलीस चौक्या फिरले. तिसरीसमोर आमची गाडी उभी होती. ते मला न्यायला आले. मुलाला भाभींच्या मोठ्या मुलीपाशी ठेवलं, आणि भाभीही अबाया चढवून सोबत निघाल्या.

“वहिनी, आत मी बोलेन,” भाई गाडीत म्हणाले. “तुम्ही फक्त मान हलवायची.”

“पण कागद माझा आहे, भाई. अक्षर माझं आहे.”

भाभी वळल्या. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या. “तुम्हालाही आत बसवलं तर पोराला कोण बघेल? मी? उद्या आम्हालाच यल्ला, चला निघा, म्हणून विमानात कोंबलं तर?”

अधिकारी सभ्य होता. त्याने खुर्ची दिली. कागद टेबलावर पसरलेला होता. तो अरबीत बोलला आणि भाईंनी मला मराठीत सांगितलं, “विचारतोय, हे तुमच्या मिस्टरांनीच काढलंय ना? त्यांनी तसं लिहून दिलंय.”

कॉन्व्हेंटमध्ये घोटून घेतलेलं माझं वळणदार इंग्रजी अक्षर समोर होतं. मला कागद-पेन देऊन कुणी दोन ओळी लिहायला लावल्या असत्या तर तिथेच उघड झालं असतं. कुणी लावल्या नाहीत.

मी मान हलवली.

त्यांना भेटू दिलं नाही. युद्ध संपल्यावर काही दिवसांनी ते घरी आले. दाढी वाढलेली, उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं की मी कशाला मान हलवली. नोकरी खलास झाली. आम्ही तिघं एकाच विमानाने परतलो. अरबी समुद्रावर असताना ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “उत्तर मात्र तू बरोबर दाखवली होतीस.”

मी हसले. मग उठून विमानाच्या टॉयलेटमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्या बोटांनी सूक्ष्मदर्शक हाताळता येईना. पुण्यात एका लॅबच्या खिडकीवर ते पेशंटची नावं लिहून घेत, डाव्या हाताने, सावकाश. निवृत्त होईपर्यंत तेच काम. या सगळ्या वर्षांत ‘नकाशा माझा आहे हे मी तिथे सांगायला हवं होतं’ हे एक वाक्य मला त्यांच्यासमोर बोलता आलं नाही. शेवटच्या आजारपणात दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा त्यांनी पाणी मागितलं.

भाई आणि भाभी दोघंही गेले. दवाखान्याने आजोबांना दिलेलं पत्र माझ्या कपाटात आहे. वर अरबी, खाली इंग्रजीत एक ओळ: आपल्या सेवेची यापुढे गरज नाही. कागद घडीवर फाटला आहे, पण अक्षर वाचता येतं.