बैठक चार ते पाच

पुण्याहून सुटलेली गाडी जयपूरला पोचली ती दोन तास उशिरा. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी उतरताना विचारलं, "फिरायला का?" मी "हो" म्हटलं. साताऱ्याच्या तहसील कचेरीत तीस वर्षं नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला लगेच कळतो. त्या क्षणी माझाही तसाच झाला असणार.

याआधी मी तीनदा जयपूरला आले होते, एकदा मुलीचा देह न्यायला आणि दोनदा कोर्टाच्या तारखेला. माझी मुलगी मुग्धा इथं जगतपुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. चार वर्षांपूर्वी भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवरून खोलीवर जाताना, दारू प्यालेल्या माणसाच्या मोटारीने तिला उडवलं. पंचवीस वर्षांची होती. पुढचं वाचायला एवढी माहिती पुरे.

तर चार खेपा होऊनही मी अजून हवामहल पाहिलेला नाही. हे ऐकून लोकांना माझ्या मुलीपेक्षा हवामहलाचंच जास्त वाईट वाटतं, असा अनुभव आहे.

या वेळी मात्र तारीख नव्हती. कमलाजींनी बोलावलं होतं. मुग्धाच्या वेळी शवागाराच्या व्हरांड्यात आम्ही नवराबायको बसलो होतो, तेव्हा ही अनोळखी बाई चहाचा थर्मास आणि एक चादर घेऊन आली होती. तिचा मुलगा सोनू असाच, एका झिंगलेल्या जीपवाल्यामुळे गेला. तेव्हापासून अशा सात घरांना धरून तिने एक गट उभा केला आहे. साताऱ्यात मुग्धाच्या दिवसांना घर माणसांनी भरलं होतं. आपल्याकडे सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, गुपचूप उठायचं असतं. सगळे रीतीप्रमाणे गुपचूप उठले आणि बरेचसे खरोखरच परत आले नाहीत. विसाव्या दिवशी फोन वाजला तो कमलाजींचा. त्यानंतर दर महिन्याला वाजत राहिला.

स्टेशनजवळच मेट्रो मिळते. मेट्रो उंचावरून जाते, त्यामुळे लोकांच्या गच्च्या दिसतात. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, पाण्याच्या टाक्या, चादरींवर वाळत घातलेल्या मंगोड्या (मूगडाळीचे सांडगे). मानसरोवरला उतरले तर कमलाजी खाली स्कूटर घेऊन उभ्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र चावडीवरच्या दवंडीचा.

"हेल्मेट पहले, राम-राम बाद में," त्या म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर हेल्मेट दाबून बसवलं. गळ्याशी पट्टा आवळताना माझा अंबाडा सुटला, पण त्या ऐकायच्या नाहीत.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. त्या लग्नाच्या लहंग्यांना गोटा (जरीची पट्टी) लावायचं काम करतात, त्यामुळे पलंगावर, खुर्चीवर, अगदी फ्रिजवरही चमचमाट. जेवायला बाजरीची भाकरी, कढी आणि मोगरीची भाजी (मुळ्याच्या शेंगा, आपल्या डिंगऱ्या). सोबत लसणाची लाल चटणी. "थोडी लेना, तेज है," असं त्यांनी बजावलं. मी सातारी तोऱ्यात मोठा घास घेतला. पुढची पाच मिनिटं मला बोलता आलं नाही, आणि कमलाजींनी त्या शांततेचा फायदा घेऊन आठवड्याचा कार्यक्रम सांगून टाकला.

दुसऱ्या दिवशी जगतपुऱ्याला गेले. मुग्धाची खोलीवरची मैत्रीण केतकी मूळची नागपूरची, पण वडिलांच्या बदल्यांमुळे सगळं शिक्षण राजस्थानात झालेलं. तिने मला त्या चौकात नेलं. "काकू, मतलब, इथं आता स्पीडब्रेकर आहे. कमलाआंटी सहा महिने महापालिकेच्या ऑफिसात जाऊन बसल्या, तेव्हा केला." मी पाहिला. डांबराचा उंचवटा, त्यावर पांढरे पट्टे, थोडे पुसट झालेले. एक रिक्षावाला त्यावरून जाताना शिव्या देत गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. मानसरोवरच्या बाजूला रस्त्याच्या कडेने मॅरेज गार्डन (लग्नाची लॉन्स) ओळीने आहेत. आत पंगतीत दारू नसते, पण बाहेर उभ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडून पुरुषमंडळी तिथंच उरकतात. कमलाजींच्या गटाने एका मालकाला पटवून फाटकाशी एक टेबल मांडलं आहे. ज्याला प्यायची आहे त्याने किल्ली इथं ठेवावी, घरी सोडायला ड्रायव्हर मिळेल. त्या दिवशी दुपारी कुणाची तरी सगाई (साखरपुडा) होती आणि टेबलावर मी. जोधपुरी कोटातला एक गृहस्थ आला, माझ्या हातात किल्ली टाकून म्हणाला, "आंटीजी, छाया में लगवा देना," आणि गेलासुद्धा. मला गाड्या लावणारी समजला होता! मी गाडीचा नंबर वहीत लिहिला, किल्लीला चिठ्ठी बांधली. सवयच तशी.

साडेतीनला तो आला. वास त्याच्या चार पावलं पुढे चालत होता.

"चाबी दीजिए."

"कल आइए," मी म्हटलं. तीस वर्षं लोकांना 'उद्या या' सांगितलं, पण इतक्या समाधानाने कधी सांगितलं नव्हतं.

तो आधी हसला, मग चिडला, मग आपण कोण आहोत ते सांगू लागला. मी किल्ली मांडीखाली घेऊन बसून राहिले. शेवटी त्याची बायको आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "मुझे दीजिए. मैं चलाऊँगी." तिला मी दिली. कमलाजी त्या रात्री जेवताना तीनदा हसल्या, "कल आइए" म्हणून.

चौथ्या दिवसाचं सांगायचं म्हणून खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

जयपूरला माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी तीये की बैठक (शोकसभा) असते. पेपरात फोटोसकट जाहिरात येते. जागा अमुक, वेळ चार ते पाच. शोकालासुद्धा वेळापत्रक आहे, म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. पण कमलाजींचं सगळं काम त्या पानावर चालतं. सकाळी गोट्याची कात्री घेऊन त्या पान उघडतात. तरुण चेहरा आणि खाली 'आकस्मिक निधन' दिसलं की कापून घेतात आणि दिलेल्या नंबरवर फोन करतात. त्या दिवशी गौरव नावाच्या मुलाचा फोटो होता, वय अठ्ठावीसच्या आसपास, गॉगल डोक्यावर चढवलेला.

"एक्सीडेंट था जी?" कमलाजींनी विचारलं. पलीकडून "हाँ जी" आलं. तेवढंच विचारायची त्यांची पद्धत. चारला आम्ही पोचलो.

एका समाजाचं भवन होतं. पांढऱ्या चादरी, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, समोर हार घातलेला तोच फोटो. मुलाची आई भिंतीशी बसली होती, ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. पन्नासेक बायका असतील, पण तिच्या दोन्ही अंगांना हातभर जागा मोकळी होती. मला वाटलं, काय माणसं आहेत, जवळ बसायचंही कळत नाही. मी सरळ जाऊन तिला चिकटून बसले, पाठीवर हात ठेवला. आणि अशा घरी माझ्या मनात पहिल्यांदा येतं तेच विचारलं, "गाड़ीवाला पकड़ा गया क्या?"

आजूबाजूची कुजबुज थांबली.

"गाड़ी तो वही चला रहा था जी," ओढणीआडून आवाज आला. "पी रखी थी. एक ठेलेवाला भी गया उसके साथ."

ठेलेवाला म्हणजे हातगाडीवर भाजी विकणारा. माझा हात तिच्या पाठीवर होता, तो मी काढून घेतला. काढला म्हणजे, भाजल्यासारखा आपोआप निघाला. मला राग आला. इतका, की उठून त्या फोटोवरचा हार ओढावासा वाटला. हार कसला घालता याला, असं मी मराठीत पुटपुटलेही असेन.

कमलाजींनी मागून सगळं ऐकलं होतं. त्यांनी वाकून माझा दंड धरला. "उठिए सुनंदाजी. यह घर अपना नहीं है. अपने को ठेलेवाले के घर जाना है."

बरोबरच होतं. मी एक गुडघा टेकून उठायला लागले, तेवढ्यात त्या बाईने विचारलं, "आपका कौन गया?"

"बेटी."

तिने पुढचा प्रश्न अर्धाच विचारला. "किसने..."

"था एक. पीकर चला रहा था."

तिने ओढणी आणखी खाली ओढली. मग म्हणाली, "उसकी माँ आई थी आपके पास?"

आली होती. हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. कोर्टाची दुसरी तारीख. व्हरांड्याच्या टोकाला एक बाई उभी होती, हातात स्टीलची पाण्याची बाटली. हे वकिलांकडे गेल्यावर ती हात जोडून माझ्याकडे चालत आली. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीवर एक नोटीस होती, ती वाचत राहिले. इथे थुंकू नये, थुंकल्यास दंड होईल, शांतता राखावी. ती बाई माझ्या पाठीशी बराच वेळ उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. चप्पल घासत परत गेली तेव्हाच मी वळले.

"आई थी," मी म्हटलं. "मैंने बात नहीं की."

तिने मान हलवली. "ठीक ही किया. मैं भी कौन-से मुँह से जाऊँ ठेलेवाले के घर."

मी पुन्हा खाली बसले. का ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. दया वगैरे काही नव्हती. त्या मुलाचा राग जराही कमी झाला नव्हता. पण त्या बाईने ओढणी वर केली नाही, रडलीही नाही. तिला मोठ्याने रडायचीसुद्धा चोरी होती, आणि ते माझ्याच्याने बघवेना. कमलाजी क्षणभर उभ्या राहिल्या, मग बाहेर जाऊन चपलांपाशी थांबल्या. आम्ही दोघी पाचपर्यंत तशाच बसलो. मी हात परत तिच्या पाठीवर ठेवला होता, एवढंच.

पाचला कुणीतरी हात जोडून उभं राहिलं. लोकांनी फोटोपुढे फुलं वाहिली आणि दहा मिनिटांत भवन रिकामं झालं. मीही उठले, आणि तोंडातून निघून गेलं, "येते."

साठ वर्षांत अशा घरी मी तो शब्द कधी उच्चारला नव्हता. जीभ चावली. तिला मराठी कुठलं कळायला! गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी हिंदीत सांगितलं, "फिर आऊँगी." तेव्हा तिने ओढणी पहिल्यांदा वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

लाल सिग्नलला स्कूटर थांबल्यावर कमलाजी मान न वळवता म्हणाल्या, "आप बोलकर आई हैं, आप ही जाइएगा. मुझसे नहीं होगा."

"तुम मेरे पास आई थी ना," मी म्हटलं.

"आपकी बेटी ने किसी को नहीं मारा था."

सिग्नल सुटला आणि त्यांनी स्कूटर पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगानेरच्या पुढे त्या भाजीवाल्याच्या घरी गेलो. त्याची तीये की बैठक पेपरात नव्हती, म्हणून कमलाजींच्या कात्रीत तो आलाच नव्हता. ही चूक त्यांना फार लागली. त्या दिवसभर त्याच्या बायकोपाशी बसून होत्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी तीन अर्ज लागत होते, ते मी भरले. निघताना कमलाजींनी त्या बाईला आपला नंबर दिला आणि पंधराव्या दिवशी परत येते म्हणून सांगितलं. मीही सांगितलं.

परतताना स्टेशनवर त्यांनी मोगरीची पिशवी आणि चटणीची बाटली दिली. गौरवच्या आईचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "हवामहल पाहिलास?" मी नाही म्हटलं, आणि मग कोर्टाच्या त्या व्हरांड्याचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ डिंगऱ्या निवडत बसले. मग म्हणाले, "मी असतो तर मीही तेच केलं असतं." तेही खरं असेल.

तेरावा झाला, पंधरावा दिवस जवळ आला. मी तिकीट काढलं आणि कमलाजींना फोन केला. गाडीची वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "लेने आऊँगी. पहले ठेलेवाले के यहाँ चलेंगे. फिर आपको उसके घर छोड़ दूँगी. अंदर नहीं आऊँगी." मी म्हटलं, चालेल.

त्याच मुक्कामात कोर्टाची तारीखही आहे. माझी साक्ष व्हायची आहे, आणि तिच्यातला एक शब्दही मी कमी करणार नाही. त्या माणसाला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याची आई व्हरांड्याच्या टोकाला उभी असली, तर या वेळी मी भिंतीकडे वळणार नाही. नोटीस मला पाठ आहे.